सहा हजारात आयएसओ, तीन दिवसांत घरपोच. घ्यावं का?

टर्निंगवाला
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कॉम्प्युटरवर चालणारी तीन सीएनसी टर्निंग आणि एक व्हीएमसी मशीन, शिवाय दोन जुने लेथ, जे वडिलांनी घेतले होते म्हणून विकायला मन होत नाही. ऑफिसची दोघं धरून २२ माणसं. बुश, पिन, स्पेसर असली कामं, दोन मोठ्या पार्ट्या आणि बाकी फुटकळ. तर झालंय असं की ज्या पार्टीचं काम आमच्याकडे निम्म्याच्या वर आहे तिच्या परचेसमधून मेल आलाय की सहा महिन्यांत आयएसओ ९००१ (क्वालिटी सांभाळायच्या पद्धतीचं) सर्टिफिकेट द्या, नाहीतर नवीन पार्टच्या इन्क्वायऱ्या पाठवणार नाही. मी नेटवर एका ठिकाणी फॉर्म भरला आणि तेव्हापासून फोन थांबायचं नाव घेत नाहीये. एक जण म्हणतो ६,००० रुपये अधिक जीएसटी, तुमचं जीएसटी सर्टिफिकेट आणि लेटरहेड व्हॉट्सॲप करा, तीन दिवसांत कुरिअर. मी म्हटलं ऑडिटचं काय, तर म्हणे ते आम्ही बघून घेतो सर, तुम्ही टेन्शन घेऊ नका. दुसरीकडे एक कन्सल्टंट येऊन गेले, त्यांनी सगळं मिळून सव्वा लाखाच्या आसपास आकडा सांगितला आणि चार-पाच महिने लागतील म्हणाले. आता मला सांगा, भिंतीवर लावायचा कागद दोन्हीकडे तोच ना? बायको म्हणते सहा हजारवालं घे आणि उरलेल्या पैशात एसी बसव. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस
घ्या की. फ्रेम करून लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावा, रोज उदबत्ती ओवाळा. ह्या धंद्यातला जुना जोक आहे, सिमेंटची लाइफ जॅकेटं बनवणाऱ्या कंपनीलापण आयएसओ मिळू शकतं, फक्त प्रत्येक जॅकेट तितकंच बुडलं पाहिजे आणि बुडल्याची नोंद रजिस्टरला पाहिजे.

हळदकुंकू
😂 पण तिरकसराव, जोक बाजूला ठेवला तर मलाही हाच प्रश्न आहे. सांगलीत आमचा मसाल्यांचा छोटा उद्योग आहे, मलापण असेच फोन येतात, "मॅडम पाकिटावर आयएसओ छापा, सेल वाढेल." वाचतेय.

ऑडिटरकाका
टर्निंगवाले, थांबा, पैसे पाठवू नका. मी १४ वर्षं ऑडिट करतोय, आधी एका गिअरच्या कारखान्यात क्वालिटीत होतो. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आयएसओ ही जी जिनिव्हाची संस्था आहे ती कुणालाही सर्टिफिकेट देत नाही. ती फक्त स्टॅंडर्ड लिहिते. सर्टिफिकेट देतात त्या वेगळ्या कंपन्या, त्यांना आपण सर्टिफिकेशन बॉडी म्हणतो. आणि ह्या बॉडीला तपासणारी अजून एक संस्था असते, तिला ॲक्रेडिटेशन बॉडी म्हणतात. आपल्याकडे ती एनएबीसीबी, म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचंच एक बोर्ड. इंग्लंडची यूकेएएस, जर्मनीची डाक्स. ह्या सगळ्या मिळून आयएएफ नावाच्या आंतरराष्ट्रीय मंचात (२०२६ पासून तो ग्लोबल ॲक्रेडिटेशन कोऑपरेशन ह्या संस्थेत विलीन झालाय) एकमेकांना मानतात, त्यामुळे एनएबीसीबीचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट बाहेरही चालतं. म्हणजे उतरंड आहे बघा, तुम्हाला तपासणारा, त्याला तपासणारा, आणि त्याच्यावर पुन्हा एक.

सहा हजारवाल्यांच्या सर्टिफिकेटवर काय असतं, तर चकचकीत सोनेरी शिक्का, ग्लोबचं चित्र, आणि खाली कुठल्यातरी ॲक्रेडिटेशन बॉडीचं नाव जे ऐकायला भारी वाटतं पण आयएएफच्या यादीत कुठेच सापडत नाही. बऱ्याचदा सर्टिफिकेट देणारा आणि त्याला मान्यता देणारा एकाच खोलीत बसलेले असतात. हे बेकायदेशीर आहे का? तर नाही, ॲक्रेडिटेशन घेणं आपल्याकडे ऐच्छिक आहे, म्हणून तर ही दुकानं चालतात.

आता तुमचा हिशोब. २२ माणसं म्हणजे १६ ते २५ च्या टप्प्यात येता, त्याला आयएएफच्या तक्त्याप्रमाणे पहिल्या सर्टिफिकेशनला तीन मनुष्यदिवस लागतात, स्टेज एक (तयारी आणि कागद बघणं) आणि स्टेज दोन (प्रत्यक्ष काम तपासणं) धरून. काम सोपं असेल तर थोडं कमी करता येतं पण जास्तीत जास्त ३० टक्के, आणि का कमी केलं हे लिहून ठेवावं लागतं. मग दरवर्षी सर्व्हेलन्स, म्हणजे मधलं छोटं ऑडिट, साधारण एक दिवसाचं, आणि तीन वर्षांनी पुन्हा मोठं ऑडिट. म्हणजे कुणीतरी माणूस एसटीने असो की विमानाने, तुमच्या शॉपवर येऊन बसलाच पाहिजे. जो येणारच नाही त्याने काय तपासलं? लेटरहेड?

टर्निंगवाला
बापरे, काका धन्यवाद. पण मग पार्टीला कळणार कसं? परचेसवाले तर पीडीएफ घेतात आणि फोल्डरला टाकतात.

ऑडिटरकाका
काही ठिकाणी अजूनही तसंच चालतं, खोटं कशाला बोलू. पण आता आयएएफची सर्टसर्च म्हणून साइट आहे, तिथे कंपनीचं नाव किंवा सर्टिफिकेट नंबर टाकला की दिसतं. तुमच्या पार्टीचा एसक्यूए, म्हणजे सप्लायर क्वालिटीचा माणूस, जरा जरी हुशार असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. आणि एकदा तुमचं नाव "खोटं सर्टिफिकेट दिलं" ह्या रकान्यात गेलं की नवीन इन्क्वायरी सोडा, चालू काम जाईल.

अजून एक ओळखायची खूण. व्हॅलिडिटी तीन वर्षं असते. "एक वर्षाचं सर्टिफिकेट, रिन्यूअल चार हजार" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. आणि तोच माणूस कन्सल्टन्सीपण देतो आणि सर्टिफिकेटपण देतो असं असेल तरीही ठेवा, सर्टिफिकेशन बॉडीला कन्सल्टन्सी करायला मनाईच आहे. स्वतःच पेपर लिहायचा, स्वतःच तपासायचा, असं कसं चालेल.

शिरोलीचा_पैलवान
काका एकदम बरोबर बोलला. आमी कोल्हापूरला शिरोलीत फौंड्रीत हाय, मी क्वालिटी बघतो. आमच्या मालकानं १० वर्षामागं असलंच एक घेतलेलं, भितीवर लावलेलं, आन एक दिवस परदेशातनं कस्टमर आला. त्यो बाबा चहा पिता पिता भितीकडं बघत बसला, मोबाईल काढला, काहीतरी टाइप केलं आन मालकास्नी इचारलं, हे कुणी दिलंय? मालकाचं त्वांड बघण्यासारखं झालतं राव. मग दोन वर्षं घासून खरं घेतलं, आता गाड्यांच्या पार्टवाल्यांचं आयएटीएफ १६९४९ पण हाय. नाद करायचा न्हाय.

एक सांगतो, खरा फायदा कुठं झाला म्हायतीय का? हीट नंबर, म्हंजे कुठल्या वताईचा माल त्येचा आकडा. आधी कास्टिंगवर नंबर असायचा पण तो कुठल्या वताईचा, त्या दिवशी धातू तपासायच्या स्पेक्ट्रोला काय रिडिंग आलं, वाळूचा वलावा किती, हे कुणाच्या बी डोस्क्यात न्हाई. एक लॉट ब्लोहोल, म्हंजे आत हवेची भोकं, आलं म्हणून परत आला की सगळा महिन्याचा माल संशयात. आता नंबर बघितला की पाच मिनिटात कळतंय की ही मंगळवारची तिसरी हीट, फक्त ६० नग बाजूला काढायचं. पूर्वी ६०० चेक करत बसायचो. त्या एका गोष्टीत सगळा खर्च निघाला.

रिटायर्ड_इन्स्पेक्टर
पैलवान, ट्रेसेबिलिटीला, म्हणजे माल कुठून आला ते मागे शोधता येण्याला, अनुमोदन. पण सगळीकडे असं नसतं, दुसरी बाजूपण येऊ दे.

मी नव्वदीत भोसरीलाच एका कंपनीत होतो, नाव सांगत नाही, आता ती बंदही झाली. तेव्हा आयएसओचं नुसतं पीक आलं होतं. ९००१, ९००२, ९००३ अशी तीन वेगवेगळी असायची, डिझाइन करणाऱ्यांना ९००१, नुसतं प्रॉडक्शन करणाऱ्यांना ९००२. २००० सालच्या आवृत्तीत सगळं ९००१ मध्ये एकत्र झालं. तर आम्हाला ९००२ मिळालं तेव्हा गेटवर कमान, पेढे, प्रत्येकाला लोगो असलेली स्टीलची डबी. डबी अजून आहे घरी, जिरं ठेवतो.

पण ऑडिटच्या आदल्या रात्री काय चालायचं ते ऐका. सहा महिन्यांची रजिस्टरं एका रात्रीत भरायची. टेबलावर निळी, काळी, अर्धवट संपलेली सगळी पेनं, तीन-चार जणांचं अक्षर, चहाचे डाग मुद्दाम पाडायचे म्हणजे जुनं वाटेल. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं रोजचं तापमान मी स्वतः भरलंय, ८५०, ८५२, ८४८, असं थोडं थोडं हलवत. दुसऱ्या दिवशी ऑडिटर आला, वयस्कर मद्रासी गृहस्थ, अगदी मवाळ. रजिस्टर चाळलं, चाळलं, आणि मला विचारलं, "तुमच्या एरियात वीकली ऑफ कधी असतो?" मी अभिमानाने सांगितलं, गुरुवार. त्यांनी काही न बोलता कॅलेंडर उघडलं आणि रजिस्टरवर बोट ठेवत गेले, गुरुवार, ८५१. गुरुवार, ८४९. गुरुवार, ८५०. सहा महिन्यांचे सगळे गुरुवार भट्टी मस्त तापलेली, कंपनीला कुलूप.

मेजर एनसी, म्हणजे ऑडिटमधली मोठी त्रुटी. माझा त्या वर्षीचा इन्क्रिमेंट त्या गुरुवारांनी खाल्ला.

तिरकस
भट्टीचा उपास नव्हता गुरुवारी 😄

ऑडिटरकाका
इन्स्पेक्टर साहेब, आम्ही अजूनही पहिली नजर तारखांवरच टाकतो. विसर्जनाच्या दिवशीचं इन्स्पेक्शन, दिवाळीच्या पाडव्याला कॅलिब्रेशन (मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासणं), एकाच पेनाने १८० सह्या. आणि खरं सांगू का, ज्या रजिस्टरमध्ये मधे चार दिवस कोरे आहेत आणि "मशीन बंद, बेल्ट तुटला" असं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, त्यावर माझा लगेच विश्वास बसतो.

हा सगळा कागदांचा डोंगर जुन्या आवृत्त्यांचा वारसा आहे. मूळ लष्करी खरेदीतून आलेला प्रकार, अमेरिकेत १९५९ ला लष्कराचं स्टॅंडर्ड निघालं, इंग्लंडात १९७९ ला बीएस ५७५०, त्यावरून १९८७ ला पहिलं आयएसओ ९०००. त्यामुळे प्रोसिजर लिहा, मॅन्युअल लिहा, सही घ्या, असा थाट. २०१५ च्या आवृत्तीने त्यातलं बरंच काढून टाकलं. क्वालिटी मॅन्युअल आता सक्तीचं नाही, मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नावाचं पददेखील सक्तीचं नाही. पण कन्सल्टंट लोक अजून १२० पानांचं मॅन्युअल विकतात कारण पानं जितकी जाड तितकं बिल जाड. मी एका बेकरीच्या मॅन्युअलमध्ये "वेल्डिंग प्रोसेस व्हॅलिडेशन" वाचलंय. कॉपी पेस्ट करताना नाव बदलायचं राहिलं बिचाऱ्याचं.

हळदकुंकू
😂😂 काका, माझ्यासाठी पण दोन ओळी लिहा ना. मसाल्याला नक्की काय लागतं? एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन आहे, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आतच आहे सध्या.

ऑडिटरकाका
ताई, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. ९००१ हे तुमच्या कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, तुमच्या मसाल्याचं नाही. म्हणून ते पाकिटावर मसाल्याची खात्री असल्यासारखं छापायला परवानगीच नसते. वस्तूची खात्री म्हणजे बीआयएसचा आयएसआय मार्क, किंवा शेतमालाला ॲगमार्क, ज्याचा कायदा १९३७ चा आहे, किंवा सोन्याला हॉलमार्क. तिथे नमुना घेऊन लॅबमध्ये वस्तूच तपासतात. अन्नाच्या पद्धतीसाठी वेगळं स्टॅंडर्ड आहे, आयएसओ २२०००, त्यात हॅसेप येतं, म्हणजे कुठल्या टप्प्यावर धोका आहे आणि तिथे काय मोजायचं. तुमच्या एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर हा कायद्याने लागणारा, तो पाकिटावर हवाच. बाकी कुणी गिऱ्हाईक मागत नसेल तर आज काही घेऊ नका. त्यापेक्षा मिरचीचा ओलावा मोजायची सवय लावा आणि प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर टाकून त्या बॅचचं एक पाकीट मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रार आली की तेच उघडून बघायचं.

हळदकुंकू
बॅचचं पाकीट ठेवायची आयडिया फारच आवडली. मागच्या वर्षी एका दुकानदाराने जाळी झालेला मसाला परत पाठवला होता, म्हणे तुमच्याकडूनच असा आला, आणि माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. मुकाट्याने बदलून दिला.

उद्यमनगरी
ह्या चर्चेत झेडचा उल्लेख कुणी कसा केला नाही? केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची झेड सर्टिफिकेशन योजना आहे, झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट, आत्ताच्या रूपात एप्रिल २०२२ पासून. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. उद्यम रजिस्ट्रेशन असलं की झालं. तेव्हा ब्राँझची फी १०,००० होती आणि सूक्ष्म उद्योगाला त्यात ८० टक्के सबसिडी, लघुला ६०, मध्यमला ५०. महिलांच्या मालकीचा उद्योग असेल तर नंतर १०० टक्के केली. हळदकुंकू ताई, तुम्हाला फुकट पडू शकेल.

टर्निंगवाला
हे माहीतच नव्हतं. पण माझी पार्टी झेड मानेल का?

उद्यमनगरी
नाही, ती ९००१ मागतेय तर ९००१ च द्यावं लागेल. झेड ब्राँझ मी सराव म्हणून घ्या म्हणेन, फोटो आणि कागद अपलोड करताना आपल्याकडे काय नाही ते कळतं. आमच्याकडे आग विझवायचं नळकांडं २०१६ मध्ये भरलेलं निघालं.

स्टुटगार्टकर
इथे जर्मनीत मी परचेसमध्ये आहे, भारतातले सप्लायर बघतो. आम्ही सर्टिफिकेट तपासतो ते फक्त दार उघडायला, त्यावर काम देत नाही. काम देताना मी एकच गोष्ट विचारतो, शेवटचं रिजेक्शन कधी झालं आणि त्याचं काय केलं ते दाखवा. "आमच्याकडे रिजेक्शन होतच नाही" असं म्हणणाऱ्याला मी चहा पाजून वाटेला लावतो.

टर्निंगवाला
स्टुटगार्टकर, तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. लाजत लाजत लिहितो. मागच्या दिवाळीआधी आमचा एका पिनचा ४०० नगांचा लॉट परत आला. ड्रॉइंगमध्ये ग्रूव्हची, म्हणजे खाचेची, पोझिशन दीड मिलिमीटरने सरकवली होती, नवीन रिव्हिजन मेलवर आली, मी ऑफिसात प्रिंट काढली, फाइलला लावली. आणि शॉपमध्ये मशीनच्या दाराला आतून जुनी प्रिंट चिकटवलेली, तेलाने पिवळी झालेली, फोरमन काकांनी दोन वर्षांपूर्वी लावलेली. सगळे ४०० नग जुन्या ड्रॉइंगप्रमाणे अगदी परफेक्ट! काकांची काही चूक नाही, त्यांनी समोर होतं ते केलं. मी तेव्हा त्यांच्यावर ओरडलो, ते मला वडिलांच्या वेळेपासून कडेवर घेतलेले, काही बोलले नाहीत, दोन दिवस डबा एकट्याने खाल्ला. अजून वाईट वाटतं.

ऑडिटरकाका
झालं की मग. तुमचं आयएसओ ह्या चारशे पिनांपासून सुरू करा. कन्सल्टंटला मॅन्युअल लिहायला लावू नका, त्याला सांगा की शॉपमध्ये एका वेळी एकच रिव्हिजन राहील अशी व्यवस्था दाखव. आम्ही सुचवतो ते साधं आहे, ऑफिसातून प्रिंट देताना लाल शिक्का आणि तारीख, नवीन दिली की जुनी हातात परत घ्यायची, वहीत एक ओळ. बिनाशिक्क्याची प्रिंट मशीनवर दिसली की मशीन थांबवायचा अधिकार ऑपरेटरला. मालकाने जरी प्रिंट आणून दिली तरी.

दुसरं, गेज आणि मायक्रोमीटर. सगळ्यांना नंबर द्या, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेट करून घ्या. आणि स्टॅंडर्डमध्ये एक गोष्ट आहे जी लोक विसरतात, मायक्रोमीटर चुकीचा निघाला तर तो दुरुस्त करून भागत नाही, त्याने आधी मोजलेल्या मालाचं काय, हे बघावं लागतं. पडला की सांगायचं, लपवायचं नाही. आणि सांगितल्यावर ओरडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

तिसरं, रिजेक्शनची वही. किती, का, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. "ऑपरेटरला समज दिली" हे कारण लिहिलंत तर मी एनसी देतो, आधीच सांगतो.

तिरकस
आमच्या कंपनीत प्रत्येक एनसीचं उत्तर "ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं" हेच. एका ऑपरेटरला वर्षात १७ ट्रेनिंगं झालीत, आता त्याला कुठल्याही कॉलेजात लेक्चरर म्हणून घेतील.

रिटायर्ड_इन्स्पेक्टर
तिरकस 😄 पण ह्यावर एक सांगतो. दोष माणसात नाही, पद्धतीत शोधा हे अमेरिकेतल्या क्वालिटीच्या तज्ज्ञ डेमिंग साहेबांनी जपान्यांना १९५० पासून शिकवलं. त्यांच्या नावाचं पारितोषिक भारतात पहिल्यांदा १९९८ ला सुंदरम क्लेटनला मिळालं तेव्हा आमच्या कंपनीत नोटीस बोर्डावर कात्रण लावलं होतं. कात्रण लावलं आणि पुन्हा रजिस्टरं भरायला बसलो.

टर्निंगवाला
(सात महिन्यांनी)
मंडळी, धागा वर काढतोय. झालं एकदाचं! एनएबीसीबी मान्यतेची बॉडी घेतली, तीन कोटेशनं मागवली होती. सगळा खर्च ९२,००० च्या आसपास आला, त्यात कॅलिब्रेशनचा भाग मोठा होता कारण आमच्याकडे २६ मोजायची साधनं निघाली, मला वाटत होतं दहा-बारा असतील. पार्टीकडून एक महिन्याची मुदत वाढवून घ्यावी लागली, पण एसक्यूएला चालू असलेलं काम दाखवलं तर तो काही बोलला नाही.

स्टेज दोनला दोन मायनर एनसी आल्या. एक म्हणजे इंटर्नल ऑडिटमध्ये आमच्या क्वालिटीच्या मुलाने स्वतःच्याच डिपार्टमेंटचं ऑडिट करून स्वतःला फुल मार्क दिले होते. दुसरी म्हणजे फोरमन काकांच्या ड्रॉवरमध्ये एक जुना मित्सुतोयो मायक्रोमीटर सापडला, बिनानंबरचा, मऊ फडक्यात गुंडाळलेला. ऑडिटरने विचारलं हा कुठला, तर काका म्हणाले, हा माझा स्वतःचा आहे, तुमच्या सगळ्या मायक्रोमीटरांवर माझा विश्वास नाही, मी शेवटचं ह्याने बघतो. ऑडिटर हसले पण एनसी दिली. आम्ही तो मायक्रोमीटर लॅबला पाठवला आणि खरं सांगतो, आमच्या सगळ्या मायक्रोमीटरांत सगळ्यात कमी एरर त्याचाच आला. आता त्याला एक नंबर दिलाय. म्हणजे नंबर शून्य एक.

लाल शिक्क्याची पद्धत चालू आहे. मागच्या महिन्यात मीच घाईत बिनाशिक्क्याची प्रिंट घेऊन गेलो तर काकांनी मशीनचं दार बंद केलं आणि ऑफिसकडे बोट दाखवलं. सगळ्यांसमोर. गेलो मुकाट.

एसी अजून बसला नाहीये, घरी विषय काढू नका.

शिरोलीचा_पैलवान
नाद खुळा! काकांना कोल्हापुरातनं एक रामराम.

ऑडिटरकाका
अभिनंदन. आता खरी परीक्षा पहिल्या सर्व्हेलन्सला, वर्षाच्या आत येतील. ती लाल शिक्क्याची वही तेव्हा मी आधी मागितली असती. आणि नवीन आवृत्तीकडे लक्ष ठेवा, तिचा मसुदा ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेर आला होता. मागच्या वेळी बदलायला तीन वर्षं दिली होती, घाबरायचं कारण नाही. "नवीन आवृत्ती आली, लगेच अपग्रेड करा" असे फोन येतील, उचलू नका.

टर्निंगवाला
काका, अजून एक अडचण आहे, त्यासाठीच खरं तर धागा वर काढला. ऑडिटरने सांगितलं की बाहेरून करून घेता त्या प्रोसेसचं मूल्यमापन लिहून ठेवा. आम्ही झिंक प्लेटिंग एकाकडे करतो, १५ वर्षांचे संबंध, माणूस सोन्यासारखा. त्याला मी सहज म्हटलं, भाऊ तुमचं आयएसओ आहे का, असेल तर कॉपी पाठवा. तो म्हणाला बघतो. आणि बरोबर तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ. सोनेरी शिक्का, ग्लोब, एक वर्ष व्हॅलिडिटी. सर्टसर्चवर टाकून बघितलं, काही नाही. त्याने माझ्या एका वाक्यापायी सहा हजार घालवले. आता त्याला काय सांगू? प्लेटिंग तर तो चांगलंच करतो हो.

ऑडिटरकाका
स्टॅंडर्डमध्ये सप्लायरकडे सर्टिफिकेट असलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही कुठल्या निकषावर त्याला निवडलं आणि तो कसं काम देतोय ह्यावर नजर ठेवता का, एवढंच आहे. तो पीडीएफ फाइलला लावू नका, त्याचं काम मोजा. दर लॉटला जाडी किती बसते, परत किती आलं, वेळेवर दिलं का. महिन्याला एक ओळ.

टर्निंगवाला
जाडी आजवर मोजलीच नाही. आठ मायक्रॉनचा थर दोन्ही बाजूंनी म्हणजे व्यासात सोळा वाढतात हे धरून आम्ही टर्निंगमध्ये कमी ठेवतो आणि प्लेटिंग झाल्यावर काका अंगठ्याने रिंग गेजमधून पिन ढकलून बघतात. मोजायचं कशाने?

शिरोलीचा_पैलवान
कोटिंग थिकनेस गेज म्हणून हातात मावंल एवढं यंत्र येतंय, लोखंडावर टेकवलं की आकडा. आमच्याकडं हाय एक. भावा, घेतलास की त्यालाबी नंबर दे, आन काकांच्या ड्रॉवरमधी ठिऊ नको.

टर्निंगवाला
😄 उद्या गुरुवार आहे, शॉप बंद. प्लेटिंगवाल्याकडे जाऊन येतो, आधी त्याचे सहा हजार परत मिळतात का ते बघू.